साक्षर झालेल्यांना हॉकी खेळू देण्याबाबत

प्रति,
मा. चिटणीस,
पवनाकाठ आंतरशिक्षणसंस्था हॉकी मंडळ,
चिंचवड, तालुका हवेली, जिल्हा पुणे.

विषय : कोणत्याही संघटनेशी संलग्न नसलेल्या बर्फ कारखाना साक्षरता वर्गाच्या संघास येत्या रविवारी सामना खेळू देणेबाबत.

संदर्भ : आमचा संघ बाद केल्याचे आपले पत्र.

महोदय,

अर्ज करतो की, मी पिंपरी येथील बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो व संध्याकाळी तेथेच भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात शिकतो. वय साठीच्या आसपास. वर्गाच्या हॉकी संघात मी गोल राखतो.

वर्ग सुरू झाला तेव्हा कोणी फिरकत नसे. मग शिक्षिका सुमनताईंनी देहूरोडच्या पलटणीतून मोडीत निघालेल्या हॉकीच्या काठ्या आणल्या आणि नियम घातला, पाटीभर लिहील त्यालाच काठी. त्या दिवसापासून पाट्या कमी पडू लागल्या.

कॉलेजांना विद्यापीठाची संलग्नता आहे, शाळांना शाळासंघाची. आम्हांला कोणाचीच नाही. तरी दोन वर्षे आपण आम्हांस खेळू दिले. तेव्हा आम्ही दरवेळी हरत होतो. यंदा एका कॉलेजला हरवले आणि संलग्नतेची आठवण निघाली. त्या सामन्यात चेंडू ओढ्यात गेल्यावर आम्ही बर्फाचा तुकडा वापरला, ही तक्रार खरी आहे. परंतु शेवटचा गोल झाला तेव्हा तो बोराएवढा शिल्लक होता व पंचांनी हातात घेऊन पाहिला होता. तो पुढे त्यांच्या हातात विरघळला, यात आमचा दोष नाही.

आपण लिहिता, संलग्नता नसेल तर संघात फक्त चालू विद्यार्थी हवेत. आणि ज्याला स्वतःचे नाव लिहिता येते तो साक्षर, म्हणून तो वर्गाचा विद्यार्थी नव्हे. म्हणजे शिकेल तो बाद. हे कळल्यापासून वर्गाची घडी विसकटली आहे. पाटी लिहावी तर आपण संघातून काढणार, कोरी ठेवावी तर सुमनताई काठी देत नाहीत. संघातले मारुतराव फळ्याकडे पाहायला नको म्हणून डोळे मिटून बसतात. आमचा पुढचा गडी हनीफ वर्तमानपत्र लपून वाचतो आणि विचारले की काही येत नाही म्हणतो. त्याच्या आई रहमतबी वर्गाच्या दारात येऊन सर्वांदेखत म्हणाल्या, "आरं, लाद्यांसंगं डोकंबी बर्फात ठेवलंस का?" तो खाली मान घालून बसला. मला ते पाहवले नाही.

तरी ज्याला लिहिता येते त्यालाही खेळू द्यावे, एवढीच विनंती. नाहीतर वर्ग मोडेल, आणि मोडला तर पुन्हा भरणार नाही.

हा अर्ज मी स्वतः लिहिला आहे. खाली अंगठा उठवला तर संघातली जागा राहील, असा सल्ला मला मिळाला. शाईही पुढे आली. आजवर पुष्कळ कागदांवर अंगठा उठवला. त्यांत काय होते ते मला ठाऊक नाही. या कागदात काय आहे ते ठाऊक आहे, म्हणून सही करतो.

आपला, अजून गोलात उभा असलेला,
सयाजी रंगराव शेवाळे
पिंपरी, दि. १५ जानेवारी १९५८

सोबत : उरलेल्या दहा खेळाडूंच्या सह्या. शेवटची हनीफची, रहमतबींच्या समोर केलेली. आपल्या नियमाप्रमाणे आता आमच्या संघात एकही विद्यार्थी राहिलेला नाही. रविवारी दुपारी अकराही जण मैदानावर हजर राहू. चेंडू मंडळाने आणावा. न जमल्यास आम्ही आमचा आणू.