भावजींचा कोट दोन इंच सैल का झाला

ताई,

धाकट्या भावाचा कमरेपासून वाकून नमस्कार. (पायापर्यंत वाकलोय असं समज. सध्या पूर्ण वाकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला थांबला का? आणि ते मांजर एकदाचं व्यालं, की अजून कपाटात दबा धरून बसलंय? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. ठीक म्हणजे जिवंत आहोत. आमच्या घरात सध्या सगळंच जिवंत असतं, ताटातलंसुद्धा.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. भावजींचा कोट चहूबाजूंनी दोन इंच ढगळ झालाय, आत अजून एक मेहुणा मावेल, तीस वर्षं शिवणकाम करून तुझ्या हाताला झालंय तरी काय, असं तू लिहिलंस. मला फार लागलं ते. पत्र घेऊन तडक दुकानात गेलो, तुझा मापांचा कागद काढला, कोटाचा कागदी नमुना काढला आणि टेप लावून सगळं पुन्हा मोजलं. बरोब्बर! एका सुताचा फरक नाही. म्हणजे चूक तुझी, असं तुला ठणकावून लिहायला मी पेनाचं टोपणही काढलं होतं. पण टोपण काउंटरवरून घरंगळलं, ते शोधताना कोपऱ्यातली पोलादी पट्टी हाताला लागली, आणि उगाच, निव्वळ तुझी जिरवायची म्हणून, मी टेप त्या पट्टीशी ताडून पाहिली. ताई, माझी साठ इंची टेप त्रेसष्ट इंच भरली!

आता हे कसं झालं ते सांगतो, पण भावजींना वाचून दाखवताना हा भाग गाळ. शेजारचा घड्याळवाला येता-जाता माझी कात्री उचलून नेतो आणि तिनं दोरे सोडून जगातलं सगळं कापतो. त्यावर मी युक्ती काढली. कात्री टेपच्या टोकाला बांधली आणि टेप खिळ्याला टांगली. जिथे टेप तिथे कात्री! माझं मलाच इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. आता कात्री म्हणजे बाबांची ती जुनी, जी उचलायला तू लहानपणी दोन्ही हात लावायचीस. ती आठ आठवडे टेपला खाली ओढत होती आणि टेप बिचारी कापडाची, ताणत ताणत गेली. तू म्हणशील, मग इतर गिऱ्हाइकांनी बोंब कशी नाही मारली? अगं, ज्या टेपनं माणूस मोजायचा, त्याच टेपनं कापड मोजायचं. दोन्हीकडे सारखीच चूक, कपडे बसतायत झकास. फसला तो एकच कोट, कारण भावजींचं माप तुझ्या घरी, तुझ्या टेपनं घेतलेलं.

मग आण की नवी टेप, असं तू म्हणशीलच. ते इतकं सोपं असतं तर एवढं लांबण मी कशाला लावलं असतं?

दुकानाच्या वरच्या खोलीत एक बाई राहायला आल्यात. आधी टायपिंगचा क्लास चालवायच्या. टायपिंगची यंत्रं मेली, तशा त्या जिवंत अन्नाकडे वळल्या. दर वाक्यात 'जिवंत अन्न' येतं, म्हणून मी (मनातल्या मनात) त्यांना जिवंतबाई म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की विस्तव लागला की अन्न मरतं, मेलेलं खाऊन माणूस सुजतो, आणि आपण ज्याला पोट म्हणतो ते खरं म्हणजे स्मशान आहे. गुहेत राहणारे आपले पूर्वज कच्चं खात आणि सडपातळ असत. (त्यांना विजारी नव्हत्या, त्यामुळे त्यांची कंबर किती हे कुणी मोजलं मला माहीत नाही. पण विचारायची सोय नाही. एकदा विचारलं तर माझा स्वभाव शिजवलेल्या बटाट्यानं बिघडलाय असं निदान झालं.)

आमच्या हिनं याआधी केलेले प्रकार तुला ठाऊक आहेत. एक आठवडा नुसतं पातळ, मग एका दिवशी एकाच रंगाचं, मग प्रत्येक घास बत्तीस वेळा चावणं, ज्यात आमचं जेवण संपेपर्यंत दुसऱ्या जेवणाची वेळ व्हायची. ते सगळे ताप आठवड्याभरात उतरले. पण जिवंतबाई चांगल्याच मुरल्या. गेले सहा आठवडे आमच्या शेगडीवर फुलदाणी आहे. सकाळी कच्चा कोबी, दुपारी भिजवलेले दाणे, संध्याकाळी गाजर. मी जेवतो तेव्हा शेजारच्यांना वाटतं घरात सुतारकाम चाललंय. बायकोवर प्रेम आहे म्हणून खातो, पण ताई, खरं सांगतो, परवा रस्त्यानं जाताना कुणाच्या तरी खिडकीतून फोडणीचा वास आला आणि मी त्या खिडकीखाली बुटाची नाडी चार वेळा बांधली.

आता गंमत ऐक. जिवंतबाईंचा वजनकाट्यावर विश्वास नाही. काटा हाडंही मोजतो म्हणे, टेप मात्र खरं बोलते. त्यामुळे दर रविवारी सकाळी सगळी शिष्यमंडळी माझ्या दुकानात माप द्यायला जमते. एक मुख्याध्यापिका, दोन नर्स, एक बेकरीवाला (दिवसभर पाव भाजतो आणि भाजलेल्याला विष म्हणतो) आणि आमची ही. मी टेप लावायचो, आकडा मोठ्यानं सांगायचो, आणि दर रविवारी प्रत्येकाची कंबर मागच्या रविवारपेक्षा कमी! टाळ्या काय, मिठ्या काय! बेकरीवाला एकदा रडला. जिवंतबाईंनी तर भिंतीवर तक्ताच लावला. आणि हे सगळं कुणाच्या तपश्चर्येचं फळ? बाबांच्या कात्रीचं.

हिचे दोन इंच उतरलेत (टेपप्रमाणे). मी आकडा सांगतो, आणि सगळ्यांसमोर नुसता आकडा बरा दिसत नाही म्हणून 'शोभतंय हं तुला' असं काहीतरी पुटपुटतो. ही लाजते. घरी जाऊन गाणं गुणगुणते. बावीस वर्षांत हिला गुणगुणताना मी फार तर दोनदा ऐकलं असेल. आता सांग, मी काय करू? नवी टेप आणली तर रविवारी सगळी मंडळी एका सकाळीत दोन-दोन इंच फुगणार. शेगडी पेटेल, मला गरम जेवण मिळेल, पण हिचा चेहरा कसा होईल तो मला आत्ताच दिसतोय. गुरुवारी तर हिनं कपाटाच्या तळातून लग्नाच्या वेळचा निळा झगा काढला, या रविवारी तोच घालणार म्हणाली. ही वर जिवंतबाईंकडे गेल्यावर मी झगा गुपचूप दुकानात नेला, दोन्ही बगलांची शिवण उसवली, आत दुमडलेल्या जादा कापडाची सगळी माया सोडली आणि परत शिवून जागच्या जागी ठेवला. म्हणजे बघ, स्वतःच्याच जेवणावर मी स्वतःच्या हातानं टाके घातले. तुझा भाऊ मूर्ख आहे हे तू लहानपणापासून म्हणतेस, आता पुरावा मिळाला.

कोट परत पाठव, नीट करून देतो. भावजींना म्हणावं, तोवर आत स्वेटर घाला.

तुझा,
कोबीवर जगणारा धाकटा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. तू आठ दिवस आमच्याकडे ये. आल्या आल्या सांग की डॉक्टरांनी कच्चं खायला सक्त मनाई केलीय. पाहुणीसाठी हिला रांधावंच लागेल, आणि मी तुला सोबत म्हणून बसेन. येताना तुझी टेप मात्र आणू नकोस.

ता. क. २. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. त्यासोबत डब्यातून काही भाजलेलं, तळलेलं आलं तर मी नाही म्हणणार नाही. सध्या घड्याळवाला रोज एक उकडलेलं अंडं देतो म्हणून तग धरलाय. (कात्री माफ केली त्याला.)

ता. क. ३. पाकीट घट्ट चिकटवतोय, कारण पोस्टात टाकायला हीच जाणार. तशी काळजी नाही. पाकीट उघडायला वाफ लागते, आणि आमच्या घरात वाफ कुठली?

वन्सं, नमस्कार. खालची जागा मोकळी होती म्हणून लिहितेय. सहा आठवड्यांनी शेगडी पेटवली ती या पाकिटासाठी. ह्यांच्या दुकानाची काजं-बटणं मी करते. टेप ताणलीय हे मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं. माझ्या शिवणाच्या डब्यात माझी टेप आहे, तिच्यावर माझा पाव इंचही हललेला नाही. ह्यांच्या खिशात अंड्याची टरफलंही सापडतात. झग्याच्या बगलेतला नवा दोरा तर काल हातात घेताच दिसला, आणि मी तिथेच पलंगावर बसून रडले, हसू येत होतं तरी. वन्सं, बावीस वर्षं ह्यांनी अख्ख्या गल्लीची मापं घेतली, माझं कधी नाही. आता दर रविवारी घेतात आणि वर शोभतंय म्हणतात. तेवढ्यासाठी मी आणखी वर्षभर कोबी खाईन.

तुम्ही जरूर या, नाटक न करता या. शेगडी पेटलीच होती म्हणून बटाटे उकडायला टाकलेत. ह्यांनी विचारलं तर सांगेन, जिवंतबाईंनी बटाट्याला सूट दिली. फक्त टेपचं मला ठाऊक आहे हे ह्यांना कळू देऊ नका. उद्या रविवार आहे.