शिवलेला तलाव

७ जानेवारी २००२
आजपासून रोजनिशी इंजिनियरसारखी लिहायची. थोडक्यात, मुद्देसूद.
मुद्दा पहिला. रायपूरबाहेर, सिलतऱ्यापलीकडच्या आमच्या कारखान्यात लोखंडाचं खनिज धुतल्यावर लाल गाळ उरतो. तो साठवायचा तलाव माझ्याकडे सोपवला आहे. तळाला जाड प्लास्टिक शीट अंथरायची, म्हणजे घाण पाणी झिरपून गावाच्या विहिरींत जाणार नाही.
मुद्दा दुसरा. राज्य नवीन, राजधानी नवीन, खुर्च्या रिकाम्या. हा तलाव जमला की मी झिरप-प्रतिबंधाचा तज्ज्ञ. रायपुरात दुसरा कोणी नाही, चौकशी केली आहे.

१९ जानेवारी
शीटचे बावीस रोल आले. पण शीट तापवून जोडायचं मशीन बडोद्याहून येणार, तेही एप्रिलअखेर. मॅनेजरसाहेबांना तलाव मार्चमध्ये हवा. होऊन जाईल म्हणालो. कसं ते त्यांनी विचारलं नाही. माझ्यावर विश्वास आहे.

२३ जानेवारी, संध्याकाळ
रमेची साडी बदलून आणायला पंडरीच्या कापड बाजारात गेलो. बायकोची कामं मी करत नाही असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. शेजारच्या दुकानात भैय्यालाल नावाचा कारागीर लग्नाच्या मंडपाचं छत शिवत होता. एवढं मोठं कापड, पण एक टाका वाकडा नाही. पाहता पाहता सुचलं. शीट म्हणजे तरी काय, कापडच. बडोद्याची वाट कशाला पाहायची?
साडी तिथेच विसरलो.

२ फेब्रुवारी
भैय्यालाल चार शिलाई मशीन घेऊन साइटवर हजर. डबल शिलाई, नायलॉनचा दोरा. कडेला झालर लावायची का, असं त्याने दोनदा विचारलं. नको म्हटलं.
जेवताना रमेला सगळं समजावलं. तिने विचारलं, सुई गेली तिथं भोक नाही का पडून राहिलं? रमेचं एम. ए. संस्कृतमध्ये आहे. विषय वाढवला नाही.

१४ मार्च
तलाव सुरू. नारळ फोडला, पेढे वाटले. रिपोर्टात ‘शिवलेली शीट’ न लिहिता ‘जोडलेली शीट’ लिहिलं. यात खोटं काही नाही.

२९ मार्च
पाणी झिरपतं का ते कळावं म्हणून तीन बोअर खणून घेतले. नियमाप्रमाणे ते तलावाच्या उताराकडे हवेत. पण उताराकडे जीप जात नाही. चढावर घेतले. तिन्हींचं पाणी आरशासारखं. प्रयोग यशस्वी.

११ एप्रिल
बांधाखालचं पहिलं घर कांताबाईचं. गोंदियाकडची आहे, मराठी बोलते, म्हणून माझा दुपारचा चहा तिच्याकडेच असतो. आज तिने विचारलं, तलावाचं पाणी आपल्या विहिरीत तर नाही ना येणार? सून राधिका पोटुशी आहे, काळजी वाटते म्हणाली. मी लेटरहेडवर ‘पाणी पिण्यास योग्य’ असं लिहून सही-शिक्क्यासह दिलं. बाई निर्धास्त झाली. लोकांशी संवाद असा ठेवावा लागतो.

२ मे
तलावात रात्रंदिवस पाणी सोडून राहिलो, तरी पातळी चढत नाही. कारण उघड आहे. रायपूरचं ऊन. ‘बाष्पीभवन’ असा शेरा मारला.

९ मे
बांधाखाली ओल. बेडूकही दिसले. पंप ऑपरेटरला म्हटलं, दव असेल. मे महिन्यात दव पडत नाही, असं तो हिंदीत म्हणाला. नव्या राज्याच्या हवामानाचा अजून कोणी नीट अभ्यास केलेला नाही.

१६ मे
कांताबाईच्या चहाला गंजाची चव. आजपासून चहा बंद. पित्त वाढलं आहे.

२५ मे
कांताबाईच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना लॅबला दिला होता. फक्त लॅबची परीक्षा म्हणून. रिपोर्ट आला. लोह मर्यादेच्या कितीतरी पट, मँगनीजही. लॅब नापास. सोमवारी पुन्हा नमुना घ्यावा.

२७ मे, सोमवार
राहून गेलं.

३ जून
दुसरा नमुना घ्यायला कांताबाईकडे गेलो. ती घागरीचं पाणी धोतराच्या फडक्यातून गाळून घेत होती. फडकं तांबूस. पहिला तांब्या माझ्यापुढे धरला. उपास आहे म्हणालो. पाण्याचा कसला उपास, असं म्हणून ती हसली आणि तांब्या राधिकेला दिला. राधिकेला आठवा लागला आहे. तिने तो तोंडाला लावला.
“पिऊ नका,” मी म्हणालो.
“काहून?” कांताबाईने विचारलं.
“माझ्या तलावाचं पाणी आहे ते.”
पाच महिन्यांत एवढं स्पष्ट मी कुठल्याच रिपोर्टात लिहिलेलं नाही. मला फार लाज वाटली. वाटलं, आता ती ओरडेल, गाव गोळा करेल. तिने तांब्या अंगणात ओतला, घागरही ओतली. मग विचारलं, “मंग साहेब, आता आमी काय प्यावं?”
जीपमध्ये सीलबंद पाण्याची बाटली होती, एक लिटरची. ती दिली. घरात माणसं सात.