सलग तीन रविवार सेकंड शिफ्ट

आबा, आज तुमच्याशी भांडायचं आहे. इतकी वर्षं भांडले नाही, कारण गेलेल्या माणसाशी भांडणं दुबळेपणाचं आहे असं समजत होते. आता वाटतं, न भांडणंच दुबळेपणाचं होतं. व्यासपीठावर उभी राहिले की मी कुणाला सोडत नाही, समोर बसलेल्या आपल्या माणसांनाही नाही. परवा एका सभेत मी म्हणाले, माणसापासून त्याचं दुःख लपवून ठेवणं म्हणजे त्याला माणूस न मानणं. टाळ्या पडल्या, लोक उठून उभे राहिले. आणि मला त्या टाळ्यांच्या आत एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरमधला फोन वाजताना ऐकू येत होता. तो तुम्ही उचलत नव्हतात.

तुम्ही मला दोन गोष्टी शिकवल्यात, बोलायला आणि उतरायला. जयंतीच्या कार्यक्रमात मी भाषणाला उभी राहिले की तुम्ही शेवटच्या खुर्च्यांच्याही मागे जाऊन उभे राहायचात. आवाज पोचला नाही की हात वर. मी घाबरून भराभर बोलायला लागले की तळहात खाली, म्हणजे श्वास घे. वाचनालयातून माझ्यासाठी पुस्तकं आणायचात, वाचून झालं की विचारायचात, "तुला पटलं का? पटलं नसेल तर का, ते सांग." राखेच्या बंधाऱ्यावरून मी सायकल खाली सोडायचे तेव्हाही तुम्ही असेच खाली उभे. कामावरून आलेले, डब्याची पिशवी खांद्याला, आणि तळहात खाली. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "अहो, पोरगी हातपाय मोडून घेईल, मग कोण पत्करंल तिला?" तुम्ही म्हणालात, "वहिनी, हातपाय तपासून पत्करणारा आम्हालाच नको." पुढे चामर लेण्यांचा डोंगर, मग रामशेजच्या उतरणी. तुमचा नियम एकच होता: उजवा हात हळू, डावा हात खुशाल. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला. उतारावर तो करकचून दाबला की सायकल थांबते, आपण थांबत नाही.

मग राष्ट्रीय स्पर्धेत एका परदेशी प्रशिक्षकांनी मला उतरताना पाहिलं आणि त्यांच्या छोट्या क्लबकडून एक हंगाम आल्प्समध्ये खेळायला बोलावलं. तुम्ही आख्ख्या कॉलनीला पेढे वाटलेत. मी काय सोसलं ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही, आज सांगते. तिथला डोंगर आपल्यासारखा कोरडा, खडखडीत, प्रामाणिक नव्हता. ओल्या झाडांची मुळं वाटेवर आडवी, साबण लावल्यासारखी. धुकं असं की पुढचं वळण वळणावर गेल्यावरच दिसायचं. आणि क्लबने दिलेल्या सायकलला ब्रेक उलटे. तिकडे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. सावकाश चालवताना हात लक्षात ठेवायचे. पण भीती वाटली की माणूस शिकलेलं विसरतो आणि मुरलेलं करतो. माझा डावा हात खुशाल दाबला जायचा आणि मी हँडलवरून पुढे फेकली जायची. पहिल्या शर्यतीत पडले, दुसरीतही पडले. माझ्या निम्म्या वयापासून त्या डोंगरांवर खेळलेल्या मुली शेजारून निघून जायच्या, त्यातली एखादी "ठीक आहेस ना?" असं ओरडायची आणि उत्तराला थांबायची नाही. चूक तिची नव्हती, शर्यत होती. सराव संपला की मी सायकली धुवायच्या जागी जाऊन रडायचे, कारण तिथे पाण्याचा पाइप चालू असायचा, आवाज लपायचा. खांदा सुजलेला, बोटं मिटत नसत, आणि मनात एकच: मला इथे कुणी चुकून आणलंय, आणि ते आता सगळ्यांना कळणार.

त्या रविवारी मी फोनवर सगळं बाहेर काढलं. तुम्ही म्हणालात,

"अगं मग ब्रेक बदल की. हात कशाला बदलतेस?"

"आबा, इथं सगळ्यांचे असेच असतात."

"सगळ्यांचे असू देत. उतरायचंय तुला का सगळ्यांना?"

मग तुम्हाला ठसका लागला, बराच वेळ. मी विचारलं तर म्हणालात, "काही नाही गं, घाईत पाणी प्यालो. ठेव आता, कार्ड संपेल तुझं."

तेवढंच. आपलं शेवटचं बोलणं कार्ड संपेल या काळजीवर संपलं.

क्लबच्या मेकॅनिकने डोक्याला हात लावला, हसला, आणि माझे ब्रेक अदलाबदल करून दिले. त्याच आठवड्यात सायकल माझी झाली. पुढच्या रविवारच्या शर्यतीत मी एकदाही पडले नाही. नंबर सांगण्यासारखा नव्हता, पण खालच्या रेषेपर्यंत सायकलवरच पोचले. धावत फोनपाशी गेले. आई म्हणाली, "ते सेकंड शिफ्टला गेलेत गं." पुढच्या रविवारी फोन केला. "सेकंडला गेलेत." त्याच्या पुढच्या रविवारी आईच्या मागे खूप माणसांचा आवाज होता, भांड्यांचा आवाज होता, आणि आई म्हणाली, "सेकंडला गं. तू खाल्लंस का काही?" मी म्हणाले, "त्यांना सांग, ब्रेक बदलले म्हणून." आई म्हणाली, "सांगते."

त्याच्या आधीच्या शुक्रवारी तुम्ही गेला होतात.

शेवटची शर्यत मी त्यानंतर खेळले. हंगामातली माझी सगळ्यात चांगली उतरण. तुमच्याशिवायच्या जगात, आणि मला ते ठाऊक नसताना. नाशिकरोड स्टेशनवर मामा आणि आई उभे होते. मी आधी तुम्हाला शोधलं, मग आईच्या गळ्याकडे पाहिलं. पुण्यानुमोदनाचा विधी होऊन गेला होता. लोक येऊन, जेवून गेले होते. तुमच्याविषयी कामगार बोलले, शेजारी बोलले, ज्यांना बोलता येत नाही तेही बोलले. जिला तुम्ही बोलायला शिकवलंत ती एक शब्दही बोलली नाही. मामा म्हणाले, दवाखान्यात तुम्हीच बजावलं होतंत: शेवटची रेस होईपर्यंत तिच्या कानावर घालायचं नाही. आपल्याकडे हे असंच करतात, परीक्षेला बसलेल्या पोरांना काही सांगत नाहीत. सगळे त्याला माया म्हणतात. कुठून आणलात हा अधिकार, आबा? सगळ्यांचे ब्रेक एका बाजूला असताना माझे बदलायला लावणारा माणूस या एका बाबतीत सगळ्यांसारखा का वागला? मला एक विमान पकडू द्यायचं होतंत. शर्यत गेली असती खड्ड्यात. मी तुमच्या खाटेपाशी बसले असते, तुमचा तळहात धरला असता.

असं मी सभांमध्ये बोलू शकते. तुमच्यापुढे मात्र पुढचंही बोलावं लागतं.

आपलं घर शिफ्टवर चालायचं. फर्स्ट असली की पहाटे पोळ्या, नाईट असली की दिवसभर रेडिओ बंद. दर आठवड्याला शिफ्ट बदलते हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. दुसऱ्या रविवारी आई पुन्हा "सेकंड" म्हणाली तेव्हाच हिशोब चुकतोय हे मला कळलं होतं. तेव्हा तुम्ही अजून होतात. "आई, शिफ्ट बदलली नाही का?" एवढं विचारायचं होतं. आईला खोटं टिकवता येत नाही, ती तिथेच फोनवर रडली असती. सायकल नुकतीच माझी झाली होती. मला परत बोलावतील अशी भीती वाटली. मी म्हणाले, "बरं."

आई आता माझ्याकडेच असते. तिला कमी दिसतं. त्या हंगामातला माझा फोटो ती पदराने पुसते आणि कधीतरी, कुणी नसताना, विचारते, "तुला खरंच काही कळलं नव्हतं ना गं तेव्हा?"

हे लिहिलेलं मी तिला वाचून दाखवणार नाही. आज सकाळीही तिने विचारलं.

"नाही गं आई. तू इतकं सरळ बोललीस, मला कुठून कळणार?"

"मग झालं," आई म्हणाली. "त्यांची तेवढीच इच्छा होती."