पाटावरचा मॉनिटर

२८ सप्टेंबर, देवास
धारच्या मराठी मंडळाचं बोलावणं. कोजागिरीला माझं व्याख्यान, 'संगणकाचे अंतरंग'. अध्यक्ष दत्तोपंत फोनवर म्हणाले, लोकांना तंबोला हवाय. यंदा रंगलं नाही तर व्याख्यान कायमचं बंद. किळस आली. मराठी माणूस आकडे खोडत बसणार? मी जिवंत असताना नाही.

३० सप्टेंबर
भाषण टाइप करून पूर्ण. लोक समजतात मी कागदाशिवाय बोलतो. समजू देत. कीबोर्ड म्हणजे हात, माऊस म्हणजे बोट, मॉनिटर म्हणजे मेंदू. अक्षरं तिथेच उमटतात, आणखी पुरावा कशाला? टेबलाखालची पेटी मात्र ओंगळ. घरघरते, तापते, आत पालीची अंडी. भाषणात तिला एकच वाक्य दिलं: विजेचा डबा. तेही जास्तच.
नात चिऊचं म्हणणं, आबा, वो डिब्बा ही तो कंप्यूटर है. हिंदी शाळेचा परिणाम.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पूर्वज तलवारी पुजायचे. माझं शस्त्र मॉनिटर. पाटावर बसवला, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. सुभद्रा पेटीलाही कुंकू लावायला निघाली. बायकोला अडवावं लागलं. पाटावर जोडे ठेवतो का आपण?

३ ऑक्टोबर
जे पुजलं नाही ते घरात कशाला? पेटी भंगारवाल्याला दिली. खोलीत अखेर शांतता. सुभद्रा म्हणाली, आधी चिऊला विचारायचं तरी. मी, दहावीतल्या पोरीला?

६ ऑक्टोबर, धार
मॉनिटर चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसने आणला. कंडक्टर म्हणाला, भिया, टीवी का भी टिकट लगेगा. असल्या लोकांत राहायचं.
सभागृहात वायर लावली. पडद्यावर 'नो सिग्नल'. धारची वीजच भिकार. दत्तोपंत म्हणाले, तुम्ही तर बिनकागदाचे वक्ते, बोला की. उभा राहिलो. 'बंधुभगिनींनो' उत्तम झालं. पुढचं मॉनिटरमध्ये होतं. सभेत भारलेली शांतता पसरली. मग कुणीतरी तंबोल्याची तिकिटं वाटली.
किळसवाणा प्रकार. पहिली ओळ मलाच लागली.

८ ऑक्टोबर, देवास
मंडळाचा निरोप: पुढल्या वर्षी फक्त तंबोला.
चिऊने पुन्हा समजावलं. भाषण हार्ड डिस्कमध्ये, हार्ड डिस्क पेटीत. माझ्या व्याख्यानात हे कुठेच नव्हतं.
सकाळपासून फाटकाशी उभा. पेटीची ओळख पटावी म्हणून तिचा जोडीदार मॉनिटर काखेत. भंगारवाला आला. पेटी तोडून केव्हाच पुढे गेली म्हणाला. मग काखेकडे बघून विचारलं, भिया, ये भी देना है?
मी काही बोलायच्या आत सुभद्रा घरातून म्हणाली, कुंकू पुसून द्या.