मंगळवारचं लेखन मंडळ आणि रुपालीचं बाळंतपण

मुक्काम भाजे, मळवली स्टेशनजवळ

ती. आक्कास,

धाकट्या ज्योत्स्नाचा जय भीम. दाजींनाही माझा जय भीम सांग आणि त्यांची साखर किती आली ते कळव. (खरी कळव. मागच्या लग्नात पंगतीत त्यांनी जिलेबी कुणाच्या ताटातली उचलली ते मी पाहिलंय, पण मी बोलणार नव्हते.) तुझ्या गुडघ्यांचं तेल संपलं असेल तर सांग. आम्ही इकडे सगळे खाऊनपिऊन धडधाकट आहोत. हाताशी फोन असताना ही बया पत्र का लिहायला बसली, असं तुला वाटेल. तर फोनवर मी मुद्द्याशी येते न येते तोच तू "दूध उतू जातंय गं" म्हणून ठेवून देतेस. इतकं दूध सगळ्या देहूरोडात मिळून येत नसेल. पत्राचं बरं असतं. मध्येच बाजूला ठेवलंस तरी ते बोलायचं थांबत नाही.

झालं असं, की मागल्या थंडीत लोणावळ्याच्या एका बंगल्यावर माझ्याकडच्या पिठलं-भाकरीची ऑर्डर आली. वाटलं भिशी असेल. जाऊन बघते तर पुण्याची शिकलीसवरलेली माणसं गोल बसलेली, एक जण स्वतः लिहिलेलं वाचतोय आणि बाकीचे त्याला नावं ठेवतायत, आणि तो "थँक्यू, थँक्यू" म्हणतोय! त्यातल्या मुख्य बाईंचे नियम मी वाढता वाढता पाठ केले. आधी काय आवडलं ते सांगायचं, मग खटकलं ते, मग लिहिणाऱ्याला धीर द्यायचा. आणि सगळ्यात मोठा नियम, गोष्टीतलं पात्र म्हणजे खरं माणूस नव्हे, त्यामुळे कुणी चिडायचं नाही. एका गृहस्थांनी चक्क आपल्या बायकोच्या घोरण्यावर दोन पानं वाचली आणि त्या माउलीनं शेजारी बसून भाकरी मोडत "पात्र छान उतरलंय" म्हटलं. मी थक्क! आणि यासाठी म्हणे पैसे भरून येतात. मनात म्हटलं, आपल्या गावात तर न विचारता, फुकटात, भर रस्त्यात चुका सांगतात. फक्त धीर द्यायचं तेवढं राहून जातं. तेवढी सोय केली की झालंच मंडळ.

शनिवार-रविवार लेणी बघायला येणाऱ्यांच्या भाकऱ्या थापण्यात माझी मान वर होत नाही, म्हणून मंगळवार ठरवला. आमच्या ओसरीवर, चहासकट. पहिले आले अंबाजी भाऊ, रेल्वेच्या फाटकावरून रिटायर झालेले. ते फक्त बैलावर लिहितात. बैल दर गोष्टीत शेवटी मरतो, भाऊ वाचता वाचता स्वतःच रडतात आणि मला पुन्हा चहा टाकावा लागतो. दुसरी रेणुका, लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात असते. नुसतं चाखून निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकांवर ती इतक्या जळजळीत कविता करते, की मी हल्ली त्या दुकानात चव मागत नाही. आणि तिसऱ्या (इथे मी पाणी प्यायले) माझ्या विहीणबाई, तिकोणा पेठेच्या भामाबाई. त्या लिहीत नाहीत, बोलतात. आपली रुपाली, म्हणजे माझी लेक आणि त्यांची सून, ते शेजारी बसून उतरवून घेते.

आता तुला माहीत आहे, रुपालीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यात बोलायचं काय, असं मी धरून चालले होते. भामाबाईंना लेक नाही, आकाश एकुलता एक, तेव्हा पहिलं नातवंड आपल्याच घरात डोळे उघडेल, असं त्या धरून चालल्या होत्या. तोंडानं दोघीही बोललो नाही. मी पडले मुलीकडची, मला चढा आवाज शोभत नाही. त्यांना सुनेच्या आईशी वाकडं घ्यायचं नव्हतं. एरवी अशा वेळी बायका मध्यस्थ शोधतात. आमच्याकडे मंडळ होतं ना!

विहीणबाईंच्या पहिल्याच गोष्टीत एक बाळंतीण माहेरी जाते आणि तिथं दिवसभर "मावशी, दोन भाकरी, एक पिठलं" असा गिऱ्हाइकांचा कालवा, चुलीचा धूर. बाळ डोळे चोळून चोळून बेजार. ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण नियम म्हणजे नियम. "वर्णन छान आहे," मी म्हटलं (दात आवळून). पुढच्या मंगळवारी मी गोष्ट वाचली. सासूचं गाव गडाच्या पायथ्याशी, संध्याकाळनंतर गाडी नाही, कळा सुरू झाल्यावर सासू गडावर चढून हाका मारतेय आणि खाली धरणातले मासे तेवढे ऐकतायत. मासे रेणुकाला फार आवडले.

गंमत बघ, अंबाजी भाऊंना आणि रेणुकाला सगळं समजत होतं. सगळ्या मावळाला समजत होतं. पण दोघं इतक्या गंभीरपणे धीर देत राहिले, की आम्हाला थांबताच येईना. भाऊ म्हणाले, "ज्योत्स्नाताई, तुमच्या गोष्टीतली आई कच्ची वाटते. लेकीसाठी तिनं काय तयारी केली, ते दिसत नाही." मी दुसऱ्या दिवशी मोरीत गिझर बसवला आणि मग तो गोष्टीत घातला. भामाबाईंना रेणुका म्हणाली, "सासूची माया नुसती सांगू नका, दाखवा." झालं, त्यांनी दुभती म्हैस आणली. गोष्टीत नव्हे गं, दावणीला! पुढे माझ्या गोष्टीत मागची खोली सारवून-रंगवून झाली, त्यांच्या गोष्टीत शिसवी पाळणा आला. आकाश बिचारा हप्ते भरतोय आणि म्हणतोय, हे मंडळ बंद करता येईल का.

मग गेल्या मंगळवारी माझी जीभ घसरली. म्हणजे लेखणी. मी लिहिलं होतं, की सासूला सून नकोच असते, नातू तेवढा हवा असतो. वाचून झालं आणि भामाबाई उठल्या, पदर सावरला, चपला पायात. समोरचा चहा तसाच! आक्का, विहीण भरला कप सोडून उठली म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. म्हैस, गिझर राहिलं बाजूला, माझ्या पोरीला त्याच घरात उभा जन्म काढायचाय. त्या क्षणी मला ती गोष्ट चुलीत घालावीशी वाटली.

तेवढ्यात रुपाली म्हणाली, "आत्या, बसा. माझी पण एक आहे."

इतके दिवस ती दुसऱ्याचंच उतरवत होती, तिचंही काही असेल हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिची गोष्ट इतकुशी. एका पोरीची आई आणि सासू दोघी तिच्यावर इतकं प्रेम करतात, की तिला झोप येत नाही. एके रात्री ती स्वप्नात मावशीकडे जाते. मावशी काही विचारत नाही. ताट वाढते, पंखा लावते आणि स्वतःही पलीकडे आडवी होते. पोरगी पोटभर झोपते. संपली गोष्ट.

अंबाजी भाऊ तर बैल नसतानाही रडले. शेवटी भामाबाईंनीच चपला काढल्या आणि नियमाप्रमाणे आधी चांगलं सांगितलं, "मावशी लय ब्येस उतरलीया." मग खटकलं ते, "आई आन् सासू, दोगीबी येड्याच दावल्यात. पर खरंच हाय ते." आणि मग माझा हात धरला. मला हुंदकाच फुटला. चहा गार झाला होता, तोच आम्ही दोघींनी प्यायला.

असो. बाकी इकडे सर्व ठीक. दाजींना जपायला सांग, पाय चेपून घेत जा, आणि हे पत्र त्यांनाही वाचून दाखव, म्हणजे साखरेचं त्यांच्या लक्षात राहील.

तुझी,
ज्योत्स्ना

ता. क. येत्या रविवारी रुपाली बाळंतपणासाठी तुझ्याकडे येते आहे. दवाखाना तुझ्या घरापासून जवळ आणि आकाशची ड्यूटीही तिकडेच. तुला काहीच तोशीस नको. आम्ही दोघी अजिबात येणार नाही. फक्त मंगळवारचं मंडळ तेवढं आता तुझ्याकडे भरेल. चौघंच आहोत. चहात साखर बेतानं, दाजींसमोर.

आनखी ता. क. भामाबाईचा जय भीम. पत्र रुपालीकडनं वाचून घेतलं. लय लांबलंया. म्हशीचं बराबर लिवलंय, पर चपला मी घातल्याच न्हवत्या, नुसत्या सरळ केलत्या. तूप घिऊन येते. आमी येनार न्हाई असं वर लिवलंय ते मनावर घिऊ नका.

मावशी, मी रुपाली. पाकीट बंद करायच्या आधी लिहितेय. या दोघींनी आणि मंडळानं सगळं ठरवूनही टाकलं, पण तुला कुणी विचारलंच नाही. म्हणून मी विचारते. येऊ का? जमत नसेल तर मोकळेपणानं नाही म्हण, मला राग नाही येणार. मी दुसरी गोष्ट लिहीन.