दहावी ओळ

मंगरूळपीर, मंगळवार, १४ नोव्हेंबर १९४४

आमचा श्रीधर इटलीच्या लढाईत पडला, ही तार येऊन बारा दिवस झाले. आणि आज शाळेत त्याचं पत्र आलं. तारेच्या आधी टाकलेलं.

पानभर नुसती इटालियन क्रियापदं. पार्लो, पार्ली, पार्ला. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो. छावणीजवळची कुणी म्हातारी त्याला शिकवत होती. मागच्या पत्रात त्यानं हीच रूपं हौसेनं देवनागरीत लिहून पाठवली होती. मी काय उत्तर धाडलं? 'अक्षर गिचमिड आहे. दहा वेळा लिहून पाठव.' मला कुठं इटालियन येतं! पण तीस वर्षं मास्तरकी केली, वही दिसली की दुसरं सुचतंच नाही.

आणि त्यानं लिहिलं. तोफांच्या आवाजात बसून. अक्षर काय सुरेख आलंय.

संध्याकाळी हिला सगळं वाचून दाखवलं. पार्लो, पार्ली, पार्ला. ती पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "अन् मले काहीच नाही लिवलं त्यानं?"

लष्कराचा कागद एवढासा. तिच्या वाट्याची जागा माझ्या शिक्षेनं खाल्ली.

ती चुलीकडे गेल्यावर ओळी मोजल्या. सवयच ती. नऊच भरल्या. तळाशी, आधी नजरेतून सुटलेलं, बारीक पण सुरेख अक्षरात: 'बाबा, कागद संपला. दहावी घरी येऊन लिहितो.'

हे तिला वाचून दाखवायचं राहिलंय. दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा पाणी मागितलं.