चादरीच्या घराची खिडकी

प्रिय,

बैठकीत तू उठून सरकारी साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसलीस, त्या क्षणी माझं डोकं फिरलं. वस्तीला स्वस्त घरं मिळावीत म्हणून आपली संस्था भांडत होती, आणि तू थेट सरकारी सल्लागार! मी सगळ्यांदेखत तुला फितूर म्हणालो. तू एवढंच म्हणालीस, "डोक्यात राख घालून घरं बांधली जात नाहीत, वेड्या."

लोकांना आत फिरून बघता यावं म्हणून आपण मैदानात बांबूंना चादरी बांधून खऱ्या मापाचं घर उभारायचो, आठवतं? स्वयंपाकाच्या ओट्यासमोर तू कात्रीनं खिडकी कापलीस आणि मला म्हणालीस, "मी बाहेरून हाक मारीन, तू भांडी घासता घासता ओ द्यायचीस!" सगळे हसले. मी मात्र त्या घरासाठी कॉलेज सोडलं.

आज वस्तीतल्या मावशीला खरं घर मिळालं. ती म्हणाली, "ही खिडकी साहेब लोक नकाशातून उडवत होते रे. ताईनं नोकरी पणाला लावून राखली. तिच्या लग्नाला गेलास ना?"

मी खोटंच "हो" म्हणालो.

मावशी सामान आणायला खाली गेलीय. ओट्यावर बसून लिहिलेलं हे पत्र माझ्या खिशातच राहील. चादरीच्या घराला ओढून घ्यायला दार नव्हतं, म्हणून मी इतके दिवस आतच राहिलो. खिडकी उघडी ठेवतोय. आता निघतो, आणि दार ओढून घेतो.

तुझा नसलेला,
वेडा